पश्चिमेची भिंत

जुन्या घरांच्या भिंती उन्हाळ्यात थंड राहतात, असं छापणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात फुलसावंगीला यावं. मारोतरावांच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर नुसता हात ठेवावा. दहापर्यंत मोजून होत नाही, तोवर हात आपोआप खाली येतो.

भिंत दोन हात जाड. दगड आणि माती, आतून भरीव. ज्याने बांधली त्याने ती उन्हासाठी बांधलीच नव्हती. पलीकडून शेजाऱ्याचं घर लागून होतं, त्यामुळे शंभर वर्षांत त्या भिंतीने सूर्य पाहिला नाही. मग शेजाऱ्याने घर विकलं. कृषी केंद्रवाल्या पूनमसिंगने ते घेतलं, पाडलं, इथे गोदाम बांधतो म्हणाला. तेवढ्यात कापसाचा बाजार बसला आणि त्याच्याबरोबर पूनमसिंगचं गोदामही बसलं. मोकळ्या जागेत काटेरी झुडपं उगवली. भिंत उघडी पडली ती पडलीच. दुपारी बारापासून सूर्य बुडेपर्यंत ती ऊन प्यायची आणि मग रात्रभर ते खोलीत ओकायची.

त्याच भिंतीला लागून मारोतरावांच्या धाकट्या मुलाचा, गोपालचा, पलंग होता. घर तीन खोल्यांचं. समोरच्या खोलीला तीन पायऱ्या, मधल्या खोलीत चूल. चाकांची खुर्ची फिरेल आणि पलंग मावेल अशी ही एकच खोली.

गोपाल लाइनमन होता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पूनमसिंगच्या दुकानाची लाइन गेली. त्याने मोटरसायकल पाठवून गोपालला घरून नेलं. खांबावरून तो खाली पडला आणि छातीखालचं शरीर कायमचं गेलं. खात्याने कागद पाहिला. रविवार होता, ड्युटी नव्हती, परमिट नव्हतं. पूनमसिंगने जबाब दिला की मी कोणाला बोलावलंच नाही. फाइल बंद झाली. गावात सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे त्याच्याच दुकानातून बियाणं आणत होते.

यवतमाळच्या डॉक्टरने गोपालच्या बायकोला, गौरीला, समजावून सांगितलं होतं. "याला आता छातीच्या खाली घाम येणार नाही. खोली तापली की हा तापेल. ताप शंभरच्या वर जाऊ द्यायचा नाही. कुलर लावा."

कुलर होता. वीज नव्हती. ते २००६ साल होतं आणि भारनियमन बारा-बारा तास चालायचं. लाइन जायची ती नेमकी दुपारी. गोपाल म्हणायचा, "मी असतो तं लाइन टिकली असती." ऐकणाऱ्याला हसावं की गप्प राहावं ते कळायचं नाही. गौरी हसायची.

आदल्या उन्हाळ्यात त्याला तीनदा ताप चढला. तिसऱ्या वेळी एकशे चार झाला आणि पुसदला भरती करावं लागलं. तेव्हाच त्याच्या मोठ्या भावाने, चारुदत्तने, सांगून टाकलं होतं. तो यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात कामाला होता, एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे लाइन कमी जायची. "पुढच्या उन्हाळ्यात एकदा जरी ताप वर गेला, तं मी गोपालले घेऊन जाईन. गौरीले जागा नाही माह्याकडे. अन् वावर पण पाहा लागते कोणाले तरी."

चारुदत्त गेल्यावर गोपाल गौरीला म्हणाला, "दादा वाईट माणूस नाही. पण मी एकदा तिथं गेलो न, तं वापस येत नाही. उन्हाळा संपन, मंग पाणी येईन, मंग दिवाळी. सामान असंच राहून जाते दुसऱ्याच्या घरी."

गौरीला हे कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिचं माहेरचं भांड्यांचं कपाट काकाकडे "दोन महिन्यांसाठी" गेलं होतं, त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

मार्च लागला तशी ती कामाला लागली. आधी उकंडाबाबाला बोलावलं. उकंडा म्हातारा, सारं आयुष्य लोकांच्या भिंती लिंपण्यात गेलेलं. त्याने भिंतीला बाहेरून हात लावला, आतून लावला, आणि पलंगाच्या पायाशी उकिडवा बसला.

"बाहेरून कूड घाल, बाई. तुराट्यायचा. मधी हातभर जागा सोड. ऊन कुडाले लागन, भिंतीले नाही लागन."

"अन् आतून काही केलं तं?"

"घरात शिरलेला चोर घरातून हाकलशीन का? बाहेरच अडवला पायजे."

कूड म्हणजे तुरीच्या काड्यांची, मातीने लिंपलेली आडभिंत, आणि बाहेर म्हणजे पूनमसिंगची जागा. गौरी दुकानात गेली. पूनमसिंग गादीवर बसून टीव्ही पाहत होता. दोन वर्षांत तो गोपालला भेटायला एकदाही आला नव्हता, आणि आताही तिच्याकडे पाहून बोलत नव्हता.

"नाही, वहिनी. आज कूड, उद्या टीन, परवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव. माह्या बापानं तांड्याजवळ एकाले गोठा बांधू देला होता. आज तिथं त्याचा स्लॅब हाय."

"मृग लागेपर्यंत पायजे फक्त."

"सगळे असंच म्हणते."

ती परत आली.

त्या वर्षी मारोतरावांनी कापूस विकला नव्हता. मारोतराव तिचे सासरे. सरकारी भाव खाली आला होता, व्यापारी त्याहूनही खाली मागत होता, आणि मारोतराव दोघांनाही शिव्या देत कापूस घरात दाबून बसले होते. "भाव येईन," एवढंच म्हणायचे. गावात बऱ्याच घरांत तेच चाललं होतं. माणसं ओसरीत झोपायची आणि कापूस आत झोपायचा. मारोतरावांच्या घरी तो गोपालच्या खोलीत होता, पश्चिमेच्याच भिंतीला टेकून छातीइतका ढीग. उरलेल्या अर्ध्या भिंतीला पलंग.

एक दिवस दुपारी गौरी गोपालच्या पाठीखाली घालायच्या उशीसाठी ढिगातून कापूस ओढत होती. ओढता ओढता हात मागच्या भिंतीला लागला. भिंत तापलेली होती, पण ढिगाच्या या बाजूला तिचं काहीच कळत नव्हतं. तिने पलंगामागच्या भिंतीवर हात ठेवला. तवा. परत ढिगावर ठेवला. गार. चार वेळा तिने हे केलं.

"काय खेळून राह्यली?" गोपालने विचारलं.

"थांबा," ती म्हणाली, आणि सासऱ्यांना हाक मारली.

दोन दिवसांत काम झालं. भिंतीपासून वीतभर अंतरावर बांबूच्या उभ्या काठ्या, त्यांना तट्टे बांधले, आणि तट्टा आणि भिंत यांच्या मध्ये कापूस पायाने दाबून दाबून आढ्यापर्यंत भरला. मारोतराव स्वतः आत उतरून कापूस तुडवत होते. त्यांना आनंद झाला होता. कापसाला जागा मिळाली होती आणि खोलीही मोकळी झाली होती. उकंडा दारात उभा राहून पाहत होता.

"बाई, सरकी हाय त्यात."

"मंग? सरकीचा कापूस काय पहिल्यांदा ठेवून राह्यलो का घरात?" मारोतराव आतून म्हणाले. "तू म्हातारा झाला, उकंडा."

"तुमीबी झाले," उकंडा म्हणाला आणि निघून गेला.

गौरीने ते ऐकलं होतं. पण तिच्या सासरी, माहेरी, ओळखीच्या प्रत्येक घरी कापूस सरकीसकटच ठेवायचे. त्यात काय नवीन, असं तिला वाटलं. नवीन एवढंच होतं की ढीग उघडा असतो. त्याला रोज कोणीतरी हलवतं, पोरं त्यात उड्या मारतात, बाया उकरतात. तट्ट्यामागे हात घालणारं कोणी नव्हतं.

एप्रिल गेला. बाहेर पंचेचाळीस होतं आणि लाइन दुपारी अकराला जाऊन पाचला येत होती. गौरी दिवसातून चारदा गोपालच्या काखेत थर्मामीटर लावायची. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, एकदा नव्याण्णव सहा. शंभर नाही. शेजारपाजारचे येऊन तट्ट्याला हात लावून जायचे. बिडी पेटवलेल्या माणसाला मारोतराव ओसरीच्या बाहेरूनच पिटाळायचे. चारुदत्तचा फोन आला तेव्हा गौरीने त्याला ताप वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरं हाय मंग."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने गोपालच्या पायावरची चादर काढली. डाव्या पायाखाली रक्त वाळलं होतं. अंगठ्याच्या बाजूच्या बोटाचं टोक नव्हतं, आणि त्याच्या शेजारचं अर्धं खाल्लेलं होतं. खाल्लेलं, यापेक्षा दुसरा शब्द त्याला नाही. चादरीवर लेंड्या होत्या.

ती ओरडली नाही. तिने चादर परत टाकली, बाहेर गेली, ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि मग परत आत आली.

"काय झालं?" गोपाल म्हणाला. "काहून असा चेहरा करून राह्यली?"

तिने सांगितलं.

"मले तं काही झालंच नाही. रडू नको. ज्याले दुखलं नाही, त्याच्यासाठी कायले रडते?"

"मीच भरला न कापूस."

"मंग उंदराले काय माहीत कोणं भरला? त्यानं सरकी खाल्ली. बाजूले आणखी काही पडलेलं भेटलं, तेबी खाल्लं."

महागावच्या डॉक्टरने जखम धुतली, सुया दिल्या आणि विचारलं, "घरात उंदीर किती?" गौरी म्हणाली, "भिंतभर." डॉक्टरला वाटलं ती गंमत करते आहे.

त्याच दिवशी तट्टे सोडले. आतल्या कापसात घरटी होती, दर हातभर उंचीवर एक, आणि कित्येक ठिकाणी सरकीची नुसती टरफलं उरली होती. कापसावरच्या लाल ढेकण्यांचे थवेच्या थवे भिंतीवरून खाली आले. मारोतराव कापूस अंगणात नेऊन उन्हात पसरत होते आणि मोठमोठ्याने बोलत होते. "माह्या कापसात लेंड्या! आता ग्रेडर याले हात लावन का?" पोराच्या बोटांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. गौरीला राग आला नाही. माणूस कशाबद्दल ओरडतो, त्यावरून त्याला कशाचं दुखतं ते ठरत नाही, हे तिने या घरात पुष्कळ पाहिलं होतं.

दुपारी खोली तापली. चार वाजता थर्मामीटरमध्ये एकशे दोन. तिने ओल्या चादरी टाकल्या, बदलल्या, पुन्हा टाकल्या. घागरी संपल्या. संध्याकाळी कोणीतरी चारुदत्तला कळवलं. कोणी, ते विचारायची गरज नव्हती, कारण फोन मारोतरावांच्या खिशात होता.

"ऐतवारी येते तो गाडी घेऊन," ते म्हणाले. "मी काही चुकीचं नाही केलं, सूनबाई. ते पोरगं जिवंत राहा लागते."

"बरोबर हाय, मामाजी."

तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी ती उकंडाच्या दारात गेली. "बाबा, कूड घालायचा हाय."

"पूनमसिंग हो म्हणला?"

"नाही."

उकंडाने पायात चपला घातल्या. "मंग लवकर घातला पायजे."

झुडपं तोडली. भिंतीपासून हातभर सोडून सहा लाकडी बल्ल्या रोवल्या. तुराट्या मारोतरावांच्याच वावरातून बैलगाडीत आल्या. त्या आडव्या-उभ्या बांधायच्या, सुतळीने आवळायच्या, मग दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भुशाचं कुटार कालवून लिंपायच्या. उकंडाने एकाच गोष्टीचा हट्ट धरला. "वरतून तोंड बंद करू नको. मधली हवा तापली की वर निघून गेली पायजे. बंद केलं तं आपणच दुसरी भिंत बांधली."

शुक्रवारी दुपारी अर्धा कूड उभा होता तेव्हा पूनमसिंग आला. पंधरा-वीस माणसं आधीच बघायला जमली होती. गावात दुसरं काही काम नव्हतं.

"वहिनी, हे काय चालू हाय?"

"कूड."

"ते दिसते मले. माह्या जागेत काहून?"

"ऊन तुमच्या जागेतून येते."

मागे कोणीतरी हसलं. पूनमसिंगने वळून पाहिलं, हसणारा गप्प झाला.

"मी मार्चात नाही म्हणलो होतो."

"हो. मी ऐकलं होतं."

"मंग काढ आता. आधी काढ, मंग बसून बोलू."

गौरीचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. तिने ते पुसले नाहीत.

"पूनमभाऊ, दोन वर्षांपूर्वी ऐतवारी माह्या दारात मोटरसायकल कोणाची आली होती?"

पूनमसिंग रस्त्याकडे पाहू लागला.

"तुम्ही लिहून देलं की बोलावलं नाही. मी तव्हा दवाखान्यात होती. कोणाच्या मागं लागायले मले टाइमच नव्हता. नंतर ह्यायले उचला, धुवा, वावर करा, मंगही टाइम नव्हता. आज हाय थोडा, माती भिजेपर्यंत. हे सगळे लोकं त्या दिवशी बाजारात होते. विचारू एकेकाले? हे बळीराम उभे हाय. सांगा बळीरामभाऊ, कोणाची गाडी होती?"

बळीरामने खाली पाहिलं. त्याच्या बाजूच्यानेही. कोणी बोललं नाही. फुलसावंगीतली माणसं फार शूर आहेत असं कोणी समजू नये. पेरणी तीन आठवड्यांवर आली होती आणि बियाणं त्याच दुकानात होतं. पण कोणी "नाही" असंही म्हटलं नाही, आणि पूनमसिंगने ते पाहिलं.

तो उकंडावर घसरला. "अन् तू काहून बांधून राह्यला, म्हाताऱ्या? कोणं सांगितलं तुले?"

"मले इथं चहा भेटते," उकंडा म्हणाला आणि तुराटी आवळली.

आता उघड हसू फुटलं. पूनमसिंगने बल्ल्या किती खोल आहेत ते पायाने हलवून पाहिलं आणि तो निघून गेला. मारोतराव एवढा वेळ कोपऱ्यावर उभे होते. ते घागर घेऊन विहिरीकडे गेले आणि माती कालवायला पाणी आणून ओतलं. नंतर चार खेपा केल्या.

शनिवारी पूनमसिंगचा नोकर देवसिंग कागद घेऊन आला. टाइप केलेला होता. मालकाने केवळ माणुसकीच्या नात्याने सात जूनपर्यंत कूड उभारण्यास परवानगी दिली असून जागेवर आमचा कोणताही हक्क नाही, असा मजकूर. खाली गौरीच्या सहीची जागा.

गौरी दहावी शिकलेली होती. तिने कागद दोनदा वाचला. मग देवसिंगच्याच खिशातला पेन काढून घेतला आणि "केवळ माणुसकीच्या नात्याने" यावर जाड रेघ मारली. वर बारीक अक्षरात लिहिलं: "आधी नाही म्हणून, मग". जागेवर हक्क नाही, हे वाक्य तिने तसंच ठेवलं, कारण ते खरं होतं. सात जूनही तसंच ठेवलं. सही केली.

"वहिनी, असं खोडलेलं चालत नाही कागदावर," देवसिंग म्हणाला.

"मंग त्याले म्हणा दुसरा टाइप करून आण. ते शब्द सोडून."

दुसरा कागद आला नाही.

रविवारी सकाळी चारुदत्त आला. भाड्याची सुमो, मागची सीट काढून गादी टाकलेली. त्याने गोपालचा पाय पाहिला, जखमेवरची पट्टी सरकवून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रडला असेल. मग बाहेर जाऊन कूड पाहून आला.

"वहिनी, हे ओलं हाय म्हणून गार वाटते. वाळल्यावर?"

तो भावजयीलाही वहिनीच म्हणायचा, धाकटी असूनही.

"वाळल्यावर सावली तं राहीन न, भाऊजी."

"उंदीर?"

"त्यात खायले काही नाही. माती हाय."

"मी जेवतो अन् निघतो त्याले घेऊन. दुपारचं ऊन लागायच्या आत."

"नाही," गौरी म्हणाली. "दुपारी चारपर्यंत थांबा. चारले ताप पाहू. शंभराच्या वर असन तं मीच उचलून गाडीत ठेवीन."

चारुदत्तने गोपालकडे पाहिलं.

"थांब न, दादा," गोपाल म्हणाला. "सुमोवाल्याले जेवू घाल. त्याचंबी पोट हाय."

अकराला लाइन गेली. कुलर बंद पडला. बारा वाजले, एक वाजला. चारुदत्त घड्याळ पाहत होता, मारोतराव दारात बसून सुपारी कातरत होते, ड्रायव्हर ओसरीत घोरत होता. दोन वाजता अठ्ठ्याण्णव आठ. तीन वाजता नव्याण्णव दोन. गौरीने दोन्ही वेळा थर्मामीटर आधी चारुदत्तच्या हातात दिलं आणि मगच स्वतः पाहिलं. तिला ते वाचताना खोटं बोलायचा मोह होईल, हे तिला माहीत होतं.

साडेतीनला तिने आतल्या भिंतीवर हात ठेवला आणि मनात मोजलं. वीसपर्यंत ठेवता आला. भिंत गरम होती. बुधवारी होती तशी नव्हती.

चार वाजता तिने थर्मामीटर झटकून काखेत लावलं. गोपाल वरच्या आढ्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर आणि मानेवर घाम होता, तेवढ्याच भागात जिथे तो अजून येऊ शकत होता. पाच मिनिटांनी चारुदत्तने थर्मामीटर काढलं, दाराच्या उजेडात नेलं, फिरवून फिरवून पाहिलं.

"नव्याण्णव आठ."

"म्हणजे?" मारोतरावांनी विचारलं.

"म्हणजे शंभराले दोन पॉइंट कमी."

"कमी म्हणजे कमी," गोपाल म्हणाला. "बोर्डाच्या परीक्षेत याच्यापेक्षा कमी मार्कात पास झालो होतो."

चारुदत्तने थर्मामीटर गौरीच्या हातात दिलं. "अन् उद्या?" तो गौरीला म्हणाला. "उद्या सेहेचाळीस राहीन. सात जूनले कूड काढला अन् पाणी नाही आलं तं?"

"माहीत नाही," गौरी म्हणाली. "वर गेला तं फोन करीन. मीच करीन, मामाजी नाही."

मारोतरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

चारुदत्तने बाहेर जाऊन ड्रायव्हरला उठवलं. सुमोतली गादी त्याने काढून ओसरीत ठेवली. गोपालच्या पाठीला ती कामी येईल, म्हणाला. मग आत येऊन भावाच्या डोक्यावर हात ठेवला, वडिलांच्या पाया पडला आणि गेला.

गाडीचा आवाज गावाबाहेर जाईपर्यंत गौरी खोलीतच उभी होती. मग तिने गोपालच्या पायावरची चादर उचलून दोन्ही पाय नीट तपासले, चारही बाजूंनी, बोटांच्या मधूनसुद्धा. सूर्य बुडायला अजून अडीच तास होते. तिने घागर घेतली आणि कुडाला पाणी मारायला मागे गेली.